तो आवाज देवाचा नव्हता

“यांना आधी बाहेर काढा, बाबा! यांनी मला हात लावायचा नाही… मेले तरी चालेल, पण यांचे हात नकोत!”

बेकरीच्या मागच्या खोलीत, पीठ मळायच्या लांब टेबलाची कड दोन्ही मुठींत घट्ट धरून भिंगरी ओरडली, आणि दारात उभी असलेली नर्सबाई जागच्या जागी थिजली. भिंगरीच्या पायाशी फरशीवर पाणी पसरलं होतं, चेहरा घामानं डबडबला होता, आणि तिचा बाप, म्हणजे बेकर, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पावाचा ट्रे घेऊन, यातलं आधी काय खाली ठेवावं हेच न कळून मधोमध उभा होता. खरं तर या भर दुपारी नर्सबाईनं घरी असायचंच नव्हतं! हॉस्पिटलच्या धुलाईघरातला बॉयलर बंद पडला आणि इस्त्रीवाल्या सगळ्याजणींना लवकर सोडलं, म्हणून ती आली. आणि या वेळी ती नसते म्हणूनच भिंगरी नेमकी दुपारची बापाला भेटायला येत असे. असे योग वर बसून कोण जुळवतो ते त्याचं त्यालाच ठाऊक…

लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं, ते आता ती मुलांना पोहायला शिकवणारी, एका इंजिन ड्रायव्हरची बायको, दिवस भरलेली बाई झाली तरी सुटलं नव्हतं. ते नाव ठेवलं होतं नर्सबाईनंच. भिंगरीची जन्मदाती तिला जन्म देऊन त्याच दिवशी गेली, आणि घरीच झालेल्या त्या बाळंतपणाला सुईण म्हणून होती ती हीच नर्सबाई! आईविना ते तान्हं पोर दुसऱ्या कोणाच्या हातून बाटली घेईना, म्हणून ती रोज येत राहिली, मग दिवसदिवस राहू लागली, आणि पुढल्या वर्षी चर्चमध्ये चार माणसांच्या साक्षीनं बेकरची दुसरी बायको झाली. नर्सचं काम मात्र तिनं आपण होऊन सोडलं. कोणी काढलं नव्हतं, कोणी बोल लावला नव्हता. पण ज्या हातांतून एक बाई निसटली ते हात पुन्हा कुठल्याही बाळंतिणीला लावायचे नाहीत असं तिनं मनाशी ठरवलं, आणि त्याच हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करत उभं आयुष्य काढलं. गल्लीतले लोक मात्र सवयीनं तिला नर्सबाईच म्हणत, आणि दर हाकेला तिच्या अंतःकरणात एक बारीकसा काटा रुतत असे.

पोर वाढली. ‘आई, आई’ करत पदराला धरून साऱ्या बेकरीभर फिरली. मग कधीतरी, ऐन पंधराव्या वर्षी, भिंगरीच्या मावशीनं तिला जवळ बसवलं आणि कानात विष ओतलं. “तुझ्या आईला हिच्याच हातांनी मारलंय. आणि मारून तिचीच जागा घेतलीन!” त्या दिवसापासून भिंगरीच्या तोंडून ‘आई’ हा शब्द गेला तो गेलाच. ती नर्सबाईला कुठल्याच नावानं हाक मारीना. बोलायचंच झालं तर भिंतीकडे बघून बोले. नर्सबाईनं एका शब्दानं सफाई दिली नाही… देता आली असती, पण दिली नाही. सोसण्यात काहीतरी पवित्र आहे असं तिला वाटे. रोज सकाळी गुडघे टेकून ती एकच प्रार्थना करी, “बापा, मला क्षमा कर.” आणि रोज, आमेन म्हणायच्या आत, तिच्या मनात तोच एक आवाज उठे, ‘तुला कसली क्षमा? या हातांना मरण चिकटलंय.’ तो आवाज देवाचा आहे याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. देव न्यायी आहे, तो असाच बोलणार!

“अँब्युलन्स काय म्हणते?” तिनं दारातूनच विचारलं.

“पुलावर टँकर उलटलाय,” बेकर रडकुंडीला येऊन म्हणाला. “गाड्यांची रांगच रांग लागलीय. ते म्हणतात, पलीकडच्या टोकापर्यंत आलोय, पण पूल ओलांडता येत नाही. पाऊण तास तरी…”

“आई गंऽऽ!” भिंगरी कळवळून वाकली. कळ आली की जगातलं कोणीही ‘आई गं’ म्हणतं, त्यात कुठल्या आईला हाक असते याचा विचार करायचा नसतो, असं नर्सबाईनं स्वतःला बजावलं. पण तिचे कान नर्सचे होते. कळ किती लांबली, ओरडण्याचा सूर घशातून पोटात कसा उतरला, भिंगरीचे गुडघे आपोआप कसे फाकले… पाऊण तास? हे मूल पाऊण तास थांबणारं नव्हतं! आईसारखंच भिंगरी निघणार होतं, एका जागी न थांबणारं.

“मी… मी कोणालातरी बोलावते,” असं पुटपुटत ती मागच्या अंगणात पळाली. हो, पळालीच, खोटं कशाला सांगा!

अंगणात नळ होता. बोलवायला कोण होतं? शेजारचा न्हावी? समोरची पुस्तकं बांधणारी म्हातारी? नर्सबाईनं नळ सोडला आणि आपण काय करतोय हे न कळता ती साबण घेऊन हात घासायला लागली, कोपरापर्यंत, नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्यांत… आणि तो आवाज आला. आला म्हणजे काय, तुटूनच पडला!

‘घास, घास! कितीही घास, ते रक्त जायचं नाही. तिची आई गेली, आता तीही जाईल. तू आत गेलीस तर ती मरेल. तुझ्या हातांना मरण चिकटलंय…’

“बापा, क्षमा कर,” ती नेहमीसारखी म्हणाली. “बापा, क्षमा कर, क्षमा कर…”

‘क्षमा नाही.’

आतून भिंगरीची किंकाळी आली. नर्सबाईचे हात साबणाच्या फेसात थबकले. तिला का कोण जाणे, त्या क्षणी पाळकबाईंची आठवण झाली. चर्चच्या त्या जाडजूड, हसऱ्या पाळकबाई, ज्या उपदेश कमी आणि चहा जास्त करत. कधीतरी भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या होत्या, “अगं, देव पाप दाखवतो ना, तेव्हा शेजारीच दारही दाखवतो. नुसती भिंत दाखवणारा तो दुसराच कोणीतरी!” तेव्हा नर्सबाईनं मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, यांना काय माहीत माझं पाप.

पण आता… आता ती ऐकायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या आवाजाकडे, घाबरून नव्हे, नर्स एखाद्या रोग्याच्या छातीकडे कान देते तसं कान देऊन ऐकलं. आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत या आवाजानं तिला एकदाही, एकदाही काही करायला सांगितलं नव्हतं! जा, त्या बाईला पाणी दे. ऊठ, त्या पोरीला खरं सांग. धाव, बाळ येतंय… काही म्हणजे काही नाही. नुसतं ‘नको’, ‘नाही’, ‘तू नालायक’. आत एक जीव जन्माला यायला धडपडतोय, आणि जिवांचा निर्माता तिला इथं नळाशी उभी राहून हात घासत बस म्हणेल? तो, जो हरवलेल्यांना शोधत उन्हातान्हात हिंडला? ज्यानं पडलेल्याला ‘ऊठ’ म्हटलं, ‘पडून राहा’ असं कधी म्हटलंच नाही?

“हा तू नाहीस,” ती मोठ्यानं म्हणाली. नळ भळाभळा वाहत होता. “बापा, हा तू नाहीसच! मी इतकी वर्षं भलत्याचंच ऐकत बसले…”

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तो भीतीचा नव्हता. एकाएकी तिला राग आला, असा राग की तिचा तिलाच अचंबा वाटला. चोराला इतकी वर्षं घरचा धनी समजून जेवायला वाढत होते की काय मी!

“गप्प!” ती ओरडली. “येशूच्या नावानं सांगते, गप्प बस! मला काम आहे!”

शेजारच्या न्हाव्यानं भिंतीवरून डोकं वर काढलं. “मला म्हणालात का, नर्सबाई?”

“तुम्हाला नाही! पण आलाच आहात तर स्वच्छ टॉवेल द्या, असतील तितके!” असं म्हणत ओले हात वर धरून ती आत धावलीसुद्धा.

आत भिंगरी आता टेबल सोडून पिठाच्या पोत्यांना टेकून बसली होती. भट्टीची ऊब साऱ्या खोलीत भरली होती. नर्सबाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिनं जो आवाज लावला तो बेकरनं उभ्या संसारात कधी ऐकला नव्हता. “अहो, तो ट्रे ठेवा आधी. कपाटातून माझ्या इस्त्रीच्या चादरी आणा, वरची नको, मधली घ्या. भट्टीचं दार अर्धं उघडं ठेवा, बाळाला ऊब लागेल. भिंगरे, मला बघू दे.”

“नाही!” भिंगरीनं पाय आवळले. तिच्या डोळ्यांत आता रागापेक्षा भीती जास्त होती, उघडीवाघडी, लहान मुलासारखी भीती. “तुम्ही माझ्या आईला मारलंत… मलाही… बाबा, सांगा ना यांना! तुम्ही गप्प का?”

बेकरच्या हातातून चादरी गळून पडल्या. त्याचा चेहरा त्याच्याच पिठासारखा पांढरा पडला होता. तो बायकोकडे बघत होता आणि ती डोळ्यांनीच त्याला ‘नको’ म्हणत होती. पण इतक्या वर्षांचं धरण होतं ते, एकदा भेगाळलं की कोण अडवणार?

“मी मारलं तिला!” तो बांध फुटल्यासारखा ओरडला. “हिनं नाही, पोरी… मी! तुझ्या बापानं!”

“अहो, नका…”

“बोलू दे मला! तू झालीस, भिंगरे, आणि तुझ्या आईला रक्त जायला लागलं. ही म्हणाली, धावत जा, डॉक्टरची गाडी घेऊन या, एक क्षण वाया घालवू नका. मी धावलो गं! पण मला… मला इतका आनंद झाला होता, मुलगी झाली मला! कोपऱ्यावर मित्र भेटले. मी ओरडून सांगितलं. त्यांनी मला खांद्यावर उचललं, ग्लास हातात दिला. मला वाटलं, बायका घाबरतातच, नर्स जरा वाढवून सांगतेय… मी दोन ग्लास प्यायलो. तिसरा घेतला.” तो मटकन खाली बसला. “डॉक्टरला घेऊन आलो तोवर… ही एकटी तुझ्या आईचं पोट दाबून बसली होती. आणि तुझी आई जाता जाता हिलाच म्हणाली, त्यांना दोष लागू देऊ नका, पोरीला बाप तरी राहू दे. म्हणून ही गप्प राहिली. तू काय काय बोललीस हिला, आणि मी ऐकत बसलो… भित्रा, भित्रा माणूस मी!”

भिंगरी बापाकडे बघत होती, मग तिची नजर हळूहळू फिरून नर्सबाईच्या चेहऱ्यावर आली. कुठलातरी शब्द ओठांवर येऊ पाहत होता… आणि तेवढ्यात कळेनं तिला उचलून आपटलं.

“रडायचं नंतर!” नर्सबाई कडाडली. “भांडायचंही नंतर, सगळं नंतर! आता फक्त जोर. हनुवटी छातीला लाव. पाण्याखाली बुडी मारताना श्वास धरतेस ना, तसा धर आणि खाली ढकल! अहो, तुम्ही बसलात काय? ती पावाची तीनचाकी काढा आणि पुलावर जा. गाडी येत नसेल तर माणूस आणा. पायी पूल ओलांडून येऊ दे त्यांना, या टोकाला तुम्ही उभे राहा. जा!”

बेकर उठला. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारा तो माणूस असा धावला, की दारातला न्हावी टॉवेलांसकट भिंतीला चिकटला.

आणि मग काय सांगावं! नर्सबाईचे हात तिच्या आधी कामाला लागले. इतक्या वर्षांच्या चादरींखाली, इस्त्रीच्या वाफेखाली ते सगळं जिवंतच होतं. डोकं दिसलं. काळं, ओलं, भरगच्च केसांचं! “दिसतंय गं, डोकं दिसतंय! शाब्बास माझी भिंगरी! आता जोर नको, नुसती फुंकर मार, फू फू फू…” डोकं बाहेर आलं, आणि तिच्या बोटांना लागली ती गळ्याभोवती आवळलेली नाळ.

‘बघ,’ तो आवाज आला. ‘बघ, सांगितलं नव्हतं?’

“तुला विचारलं कोणी?” नर्सबाई दात ओठ खाऊन म्हणाली, आणि भिंगरीला वाटलं ती नाळेलाच बोलतेय. बोटाची आकडी करून तिनं तो वेढा सैल केला, हलकेच डोक्यावरून काढला… खाली अजून एक! तोही काढला. “आता! आता दे जोर, सगळा दे!”

भिंगरीनं अशी काही आरोळी ठोकली की पुढच्या दुकानात पाव घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पाव टाकून पळालं, आणि सळ्ळकन एक मुलगी नर्सबाईच्या हातांत आली.

निळसर. ढिली. गप्प.

“का रडत नाही?” भिंगरी धडपडून उठायला लागली. “का रडत नाही ती? सांगा ना!”

टॉवेलनं नर्सबाई बाळाला पुसत होती, पाठ चोळत होती, तळपायांना टिचक्या मारत होती. काही नाही. तिनं बाळाची मान जराशी मागे केली, आपलं तोंड त्या इवल्याशा नाकातोंडावर ठेवलं आणि हलकेच फुंकर घातली. छाती वर आली. पुन्हा. पुन्हा. ‘बापा,’ ती मनात म्हणत होती, आणि आज पहिल्यांदा त्या शब्दापुढे ‘क्षमा’ येत नव्हतं. ‘बापा, श्वास तुझा आहे. मी नुसती नळी आहे. दे! दे ना! मला तुझ्यावर भरवसा आहे, ऐकतोयस ना, भरवसा आहे मला!’

बाळानं तोंड वेडंवाकडं केलं. एक उचकी दिली. आणि मग असा टाहो फोडला, असा खणखणीत टाहो की दाराबाहेरचा न्हावी टाळ्याच वाजवायला लागला!

नर्सबाईनं बाळाला नाळेसकट भिंगरीच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर घातली. भिंगरी हसत होती, रडत होती, त्या ओल्या डोक्यावर ओठ टेकत होती. थोड्या वेळानं वारही पडली. आणि मग नर्सबाईला दिसलं ते रक्त.

तेच… तसंच. चादरीवर लाल डाग पसरत चालला होता, थांबायचं नाव नाही. क्षणभर वर्षं गळून पडली. तीच वेळ, तसंच तान्हं बाळ, तोच माणूस मदत आणायला गेलेला. आता तर आवाजाला बोलायचीसुद्धा गरज नव्हती. तो शेजारी बसून नुसता वाट बघत होता.

“काय झालं?” भिंगरीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. “मला गार वाटतंय… मला काय होतंय?”

खोटं बोलायचं नाही, नर्सबाईनं ठरवलं. “रक्त जातंय तुला. जास्त जातंय. मी थांबवणार आहे, पण दुखेल. धरशील दम?”

“आईला… तसंच?”

“तसंच. पण तो दिवस तो दिवस होता आणि आजचा दिवस आजचा आहे. बाळाला छातीला लाव, ओढू दे तिला. माझ्याकडे बघ.”

ती ओटीपोटावर हात ठेवून चोळू लागली, घट्ट, गोल गोल, पीठ मळणाऱ्याच्या बळानं. आत सगळं मऊ लागत होतं. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. त्या पहिल्या बाईच्या पोटावरही तिनं असेच हात दाबले होते, अगदी असेच… आणि एकदम तिला लख्ख दिसलं की तेव्हाही हे हात मारत नव्हते! तेव्हाही हे हात वाचवतच होते. शेवटच्या श्वासापर्यंत वाचवत होते. जे जमलं नाही ते पाप नव्हतं, दुःख होतं. दुःखालाच पाप समजून ती इतकी वर्षं त्याची क्षमा मागत बसली होती, आणि देव बिचारा काय देणार? जे केलंच नाही त्याची क्षमा तरी कशी देणार तो!

“देवा, तू आहेस,” ती मोठ्यानं म्हणाली. “तेव्हाही होतास, आत्ताही आहेस. मी काही सोडणार नाही आता.”

हाताखाली काहीतरी बदललं. मऊपणा आखडत गेला, घट्ट होत गेला, कच्च्या पेरूसारखा टणक गोळा झाला. डागाचं पसरणं मंदावलं. थांबलं. नर्सबाईनं हात तिथून काढला नाही. ती तशीच बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बाहेर गल्लीत एकच गलका उठला. बेकरची तीनचाकी खडखडत येत होती, पुढच्या पावाच्या पेटीवर अँब्युलन्सची डॉक्टरीणबाई औषधांची पिशवी पोटाशी धरून, जीव मुठीत घेऊन बसली होती आणि मागे बेकर तोंडाला फेस येईपर्यंत पायडल मारत होता. गल्लीतली माणसं खिडक्यांतून ओरडत होती, “काय झालं हो? मुलगा की मुलगी? अहो, थांबा की जरा!” पण तो थांबला नाही. त्यानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. तीनचाकी थेट मागच्या दाराशी आणून त्यानं सोडली, ती बिचारी कलंडली, आणि डॉक्टरीणबाई आत धावली.

इंजेक्शन झालं, तपासणं झालं, नाळेला चिमटा लागला. डॉक्टरीणबाईनं रक्ताचा अंदाज घेतला, पोटावर हात ठेवून पाहिलं आणि आश्चर्यानं विचारलं, “हे सगळं कोणी सांभाळलं?”

“मी,” नर्सबाई म्हणाली. “मी नर्स आहे.”

पूल मोकळा होत होता. गाडी येतच होती. बेकर दाराच्या उंबऱ्यावर बसला होता, आत यायचं धैर्य त्याला होत नव्हतं. भिंगरी त्याच्याकडे बघून म्हणाली, “बाबा, तुमच्याशी मी भांडणार आहे. चांगली पोटभर भांडणार आहे. आज दमलेय, म्हणून उद्यावर ठेवतेय. कुठे जाऊ नका.” बेकरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देत मान हलवली, कुठे नाही जात, कुठे नाही…

मग भिंगरी नर्सबाईकडे वळली, आणि तिचा बांध फुटला. “आणि तू! तू का नाही सांगितलंस? मी तुझ्याशी कसकशी वागले… लग्नात तुला मागच्या बाकावर बसवलं, तू तिथंही बसलीस! एवढं कशाला सोसलंस?”

“तुझा बाप तुला राहावा म्हणून गं, राणी. मी वचन दिलं होतं.”

“आणि मी? माझं काय? एक आई देवानं नेली, दुसरी तुम्ही दोघांनी गप्प बसून नेलीत! ऐन वयात मी आईवाचून राहिले, आई स्वयंपाकघरात उभी असताना! हा कसला त्याग?”

आपल्या सोसण्याचा दुसऱ्या कोणाला असा भुर्दंड बसला असेल हे नर्सबाईच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. ते सोसणं तिला प्रिय होतं, हे तिला आता कळलं. तिनं ते कवटाळून ठेवलं होतं, आणि पोर मात्र दाराबाहेर राहिली होती. जिची क्षमा मागायची ती मुळी वेगळीच होती, इतक्या जवळ होती! ती भिंगरीच्या पायाशी वाकली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “त्या दिवसाचं नाही… पण हे चुकलं. तुझ्यापासून मी तुझी आई लपवली. मला माफ करशील?”

“इकडे ये,” भिंगरी म्हणाली, आणि तिनं मोकळ्या हातानं नर्सबाईची मान स्वतःजवळ ओढली. मध्ये बाळ चेपलं, ते चिडून ओरडलं, आणि तिघी कितीतरी वेळ तशाच राहिल्या. डॉक्टरीणबाईनं शहाणपणानं आपल्या पिशवीत तोंड खुपसलं.

गाडी दाराशी लागली. स्ट्रेचर आत आलं. भिंगरीला उचलून ठेवल्यावर ती म्हणाली, “थांबा. आई, निघायच्या आधी हिच्यासाठी प्रार्थना कर. मोठ्यानं कर, मला ऐकायचीय.”

न्हाव्यानं टोपी काढली. बेकर उंबऱ्यावरून उठून उभा राहिला. नर्सबाईनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांचं वळण पडलेली जीभ आपसूक जुन्याच वाटेला लागली. “बापा… मला क्षमा कर…”

भिंगरीनं स्ट्रेचरवरून हात लांब करून तिचं तोंडच दाबलं. “पुरे गं! तेच तेच ऐकून कंटाळला असेल तो. आता आभार मान!”

नर्सबाईला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिनं आभार मानायला सुरुवात केली. आणि मग तिला आवरणं कोणाला जमेना! नातीच्या त्या खणखणीत टाहोसाठी, लेकीच्या भांडकुदळ जिभेसाठी, उंबऱ्यावर रडणाऱ्या त्या माणसाच्या न थांबलेल्या पायांसाठी… डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत होती. आणि सगळ्यांत शेवटी, भिंगरीचा हात हातात घेऊन, नर्सबाईनं त्या पहिल्या बाईसाठी आभार मानले, तिच्या धीरासाठी, आणि तिनं जाताना आपली पोर दुसऱ्या कोणाच्या नव्हे, याच हातांत दिली म्हणून.